चुरीची संत्री, बांधावरची बोरं: लेकरांसोबत फळांचा खाऊ

संत्र्याच्या बागेतली लेकरं संत्री खात नाहीत. खोटं वाटत असेल तर विदर्भातल्या आमच्या वरूड-मोर्शीकडे कुठल्याही घरी विचारून पाहा. व्यापारी मोठा माल निवडून नेतो, बारकी फळं मागे राहतात, तिला आम्ही चुरी म्हणतो. ऐन डिसेंबरात अंगणात चुरीचा ढीग पडलेला असतो आणि घरचे पोट्टे मात्र मुठीत पाच रुपये धरून चटकदार पुड्यासाठी किराणा दुकानाकडे पळत असतात. मीही कैक वर्षं "खा रे बाबा एखादं संत्रं" म्हणत सोललेल्या फोडी घेऊन त्यांच्या मागे फिरले.

मग एकदा दिराची दोन्ही मुलं सुट्टीत आली होती. मला सालींचं काम होतं, म्हणून टोपलं पुढे ठेवलं आणि म्हटलं, नुसती सोलून द्या, खायची नाहीत. अर्ध्या तासाने पाहिलं तर टोपल्यात साली होत्या आणि संत्री नव्हती. हातात दिलेली फोड ज्यांना नको होती त्यांनी स्वतः सोललेली नऊ संत्री ओट्यावर बसल्या बसल्या संपवली. तेव्हापासून मी खाऊ करून द्यायचं सोडलं, आता खाऊ करायला बसवते.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय. नवी आई असो, सुट्टीत भाचरं अंगावर पडलेली मामी असो, नाहीतर अंगणवाडीत वीस लेकरं सांभाळणारी ताई. सामान सगळं गावातलंच आहे. एकच वस्तू तालुक्याहून आणावी लागते, ती पुढे येईल.

हात लावण्याआधी

फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साल काढून टाकायची असली तरी धुवा, कारण सालीवरची घाण सोलताना बोटांना लागते आणि बोटांवरून फोडीला. झाडाखाली पडलेलं फळ टणक आणि अखंड असेल तर चालतं, फुटलेलं किंवा पाझरणारं ढोरांना टाका. बागेत फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते मोजा. आणि फवारणीची बादली कितीही घासली तरी तिच्यात फळं धुवायची नाहीत. हे घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगून ठेवा, कारण हाताला पहिली तीच बादली लागते.

कामं वयाप्रमाणे वाटा. दोन-तीन वर्षांचं लेकरू धुतं, सोलतं, कुस्करतं. चार ते सहाचं जेवणाच्या बोथट सुरीने केळं नाहीतर पिकली पपई कापतं. आठ-नऊच्या पुढचं लहान सुरीने पेरू कापू शकतं, पण तुम्ही समोर बसलेले असताना. पावशी, म्हणजे विळी, मात्र नाही. पावशीचं पातं उभं असतं आणि लेकरू कापताना पुढे वाकतं. माझ्या मुलीला मी बारा वर्षांची होईपर्यंत पावशीवर बसू दिलं नाही, सासूबाई कितीही हसल्या तरी.

आता घशात अडकण्याचं. पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती अख्खं बोर, बी असलेलं जांभूळ, अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे देऊ नका. द्राक्षाच्या उभ्या चार फाका करा, आडव्या चकत्या नकोत, त्या नळीत बुचासारख्या बसतात. खायचं ते बसून, पळत नाही आणि हसवाहसवी करत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात मध घालू नका. मध चाटवायची रीत आपल्याकडे आहे हे मला माहीत आहे, तरीही नको.

तिखटाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. पेरूला तिखट-मीठ लावायला बसवलं आणि त्याच हाताने धाकटीने डोळा चोळला, मग त्या दुपारी खाऊ राहिला बाजूला. तेव्हापासून तिखट मी वरून भुरभुरते.

पहिल्या दिवशी सोपं घ्या

सुरुवात गॅस न पेटवता करा. केळ्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या कापायला द्या, त्यांना आमच्याकडे नाणी म्हणतात. एका नाण्यावर दाण्याचा बारीक कूट, वर दुसरं नाणं. कडेने तीळ लावायचे असतील तर ताटलीत तीळ पसरून नाणं चाकासारखं फिरवायचं. इथे पोट्टे तासभर रमतात. (घरात कोणाला दाणे सोसत नसतील तर खोबऱ्याचा कीस घ्या.)

पेरू कापून ठेवला की काळा पडतो आणि लेकरं तोंड फिरवतात. कापलेल्या जागी फळातल्या रसाला हवा लागते, म्हणून तो रंग येतो. लिंबाचे चार थेंब चोळले की बराच वेळ थांबतो. हे नुसतं सांगू नका, करून दाखवा. दोन फोडी शेजारी ठेवायच्या, एकीला लिंबू, दुसरी तशीच, आणि खेळून आल्यावर पाहायचं. पेरूबद्दल आणखी एक. क जीवनसत्त्व म्हटलं की सगळे संत्र्याचं नाव घेतात, पण वजनाला वजन धरलं तर पेरूत ते संत्र्याच्या कितीतरी पट असतं. आपल्या परसातल्या झाडाला एवढी किंमत आपणच देत नाही.

संत्र्याच्या सालीतली जेली

हा आमच्या घरचा हुकमी खेळ आहे, म्हणून सविस्तर सांगते. संत्र्याच्याच सालीच्या वाटीत जेली जमवायची आणि मग कापायची. कापल्यावर ती हुबेहूब सालीसकट कापलेल्या फोडीसारखी दिसते, पाहुण्यांनासुद्धा कळत नाही. आपल्याकडे संत्री दोन बहारांत येतात. आंबियाची दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. जेलीला कुठलीही चालतात आणि चुरी तर उत्तम, कारण वाट्या इवल्या होतात.

तालुक्याहून आणायची वस्तू म्हणजे चायना ग्रास. पांढऱ्या, वजनाला हलक्या पट्ट्या असतात, समुद्रातल्या शेवाळापासून करतात. मोठ्या किराणा दुकानात मिळते. ५ ग्रॅम पुरे.

१. चायना ग्रासचे कात्रीने बारीक तुकडे करायचे. हे काम लेकरांचं, कात्रीचा आवाज त्यांना आवडतो. एक मोठी वाटी म्हणजे साधारण २०० मिली पाण्यात वीस मिनिटं भिजत घाला.

२. तोवर सहा-सात संत्री आडवी अर्धी कापा (कापणार तुम्ही). लेकरांनी ती हळूच पिळायची आणि उरलेला चोथा चमच्याने खरवडून काढायचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे आतलं सहज सुटतं. पण देठाकडच्या अर्ध्याला मधोमध भोक पडतं. तिथे सालीचाच एक तुकडा आतून दाबून बसवा, नाहीतर सगळा रस ताटात.

३. वाट्या कलंडतात. प्रत्येक वाटी चहाच्या कपाच्या तोंडावर बसवा, म्हणजे ताठ राहते.

४. भिजलेलं चायना ग्रास मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत विरघळतं. चमचा उचलून उजेडात पाहा, एकही धागा दिसता कामा नये. धागा राहिला तर तो जेलीत दाताखाली येतो. हवी असल्यास दोन चमचे साखर आत्ताच घाला. मी आंबियाच्या गोड संत्र्यांना काहीच घालत नाही.

५. गॅस बंद. वाफ जरा उतरू द्या, मग रस बारीक धारेने ओता आणि ढवळा. रसही २०० मिली हवा आणि तो गार नको, घरात ठेवलेला साधा.

६. गाळून वाट्यांत काठोकाठ भरा. दहा-बारा वाट्या होतात.

पहिल्या वेळी मी शहाणपणा करून रस आणि चायना ग्रास एकत्रच उकळलं. आंबट रसात उकळल्याने चायना ग्रासची पकड ढिली होते, जेली काही जमली नाही आणि वर ती कडू झाली. "काकू, हे तं औषध झालं वो," असं म्हणून पुतण्याने चमचा खाली ठेवला. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने आपोआपच कडवट होत जातो, आणि उष्णतेने तर लवकर. म्हणून रस ऐन वेळी काढायचा, बिया चेचू द्यायच्या नाहीत आणि जेली त्याच दिवशी संपवायची.

हिवाळ्यात फ्रीज लागत नाही. चायना ग्रास ३५-४० अंशांच्या आसपास जमतं, डिसेंबरच्या संध्याकाळी ओट्यावर अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. आमच्या मे महिन्यात मात्र बाहेर ठेवलेली वाटी रस्सा राहील. जमली की सुरी ओली करून एकेका वाटीचे दोन-तीन काप करा. साल चावायची नाही, ओढून सोडायची.

मात्र जेलीला फळ समजू नका. रस काढला, चोथा वेगळा केला, म्हणजे तंतू गेले आणि साखर राहिली. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते, अख्ख्या फळातली मोजत नाही. म्हणून एकेकाला दोन-तीन काप, बाकी भूक अख्ख्या संत्र्यावर. खरवडलेला चोथाही फेकू देत नाही मी, पोट्टे तो तिथेच चमच्याने खातात.

आजी म्हणतील, थंडीत संत्रं गार पडते, खोकला होते. सर्दी विषाणूने होते, संत्र्याने नाही. पण वाद घालू नका. दुपारी उन्हात बसून खायला द्या, आजीही खूश.

बोरकूट

संक्रांतीच्या सुमाराला बांधावरच्या बोरी लदलेल्या असतात. बाजारातली मोठी कलमी बोरं यासाठी नकोत, ती पाणचट. गावरान, बारीक, आंबटगोड, देठाशी लाल झालेली घ्या.

प्रत्येक बोर वाळवण्याआधी फोडून पाहायचं, कारण वरून गुळगुळीत दिसणाऱ्या बोरात अळी निघते. मोठ्यांना याचा कंटाळा येतो, लेकरांना हाच खेळ वाटतो. आमच्याकडे ज्याला जास्त अळ्या सापडतील तो जिंकतो. एका वर्षी एकीने सोळा सापडवल्या आणि शाळेत सांगून आली.

चांगली बोरं सुपात पसरून उन्हात ठेवा. जानेवारीचं ऊन मऊ असतं, आठवडा तरी लागतो. रात्री दव पडतं म्हणून संध्याकाळी सूप आत. बोर दाबल्यावर दबेना आणि सुपात हलवलं की खडखड वाजलं, म्हणजे तयार. मग खलबत्त्यात हलक्या हाताने कुटायचं. जोर लावला तर आठोळ्या (बोराच्या बिया) फुटतात आणि कुटात कच येते. गर भुगा होऊन सुटला की आठोळ्या वेचून काढा, उरलेलं चाळणीने चाळा. वाटीभर भुग्याला पाव चमचा मीठ, चिमूट जिरेपूड, चमचाभर पिठीसाखर किंवा किसलेला गूळ. मोठ्यांच्या वाट्यात तिखट. गूळ घातलात तर तेवढंच करा, तो ओल धरतो आणि कूट गोळा होते. कोरडं बोरकूट काचेच्या बरणीत पुढच्या बोरांपर्यंत टिकतं, म्हणजे टिकलं असतं. आमच्या घरी ते होळी पाहत नाही.

जाता जाता, बोरन्हाणाचं. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या, हलवा ओततात आणि मोठी पोरं झडप घालतात. छान दिसतं. पण त्या गर्दीत बाळाच्या तोंडात काय गेलं हे कोणाला दिसत नाही. बाळाला कडेवर घ्या, खालचं सगळं उचला, मगच खाली सोडा.

आंबापोळी

विदर्भाच्या उन्हाला सगळे शिव्या देतात. अकोल्या-चंद्रपुराकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मीही देते. पण आंबापोळी वाळवायला असं ऊन दुसरीकडे कुठे. दमट हवेत जिला बरेच दिवस लागतात ती आपल्याकडे दीड-दोन दिवसांत होते.

गावरान रसाचे आंबे मेच्या शेवटी उतरतात आणि मृगाचा पाऊस मागे उभाच असतो, म्हणून वेळ थोडा. आंबे दोन तास पाण्यात टाकून देठाचा चीक धुऊन काढा. चिकाने ओठाशी फोड येतो. मग लेकरांनी आंबे घोळायचे आणि गंजात (पातेल्यात) पिळायचे. सगळी कामं दहाच्या आत. कपडे जुने, शक्य तर नाहीतच.

रस मोठ्या चाळणीतून गाळा, गावरान आंब्याला दोरे फार. गंजात दहा मिनिटं शिजवून घ्या, खाली लागू देऊ नका. आंबट असेल तर थोडा गूळ. कोमट झाल्यावर तुपाचं बोट फिरवलेल्या ताटात ओता, ताट हलवून पातळ थर करा, दोन रुपयांच्या दोन नाण्यांएवढा, जास्त नाही. जाड केली की वरून कोरडी दिसते आणि आतून आंबते. प्रत्येक लेकराला स्वतःचं ताट द्या. कोणी बैल काढतं, कोणी नुसतं नाव लिहितं. आमच्या एकाने ट्रॅक्टर काढला होता, वाळल्यावर त्याचं पुढचं चाक तुटलं म्हणून रडला आणि मग तेच चाक आधी खाल्लं.

ताटं बाजेवर ठेवून वर पातळ सुती साडी ताणून बांधा. साडी रसाला टेकू नये, चारी कोपऱ्यांना गडवे ठेवले की उंच राहते. आणि बाजेचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत. पहिल्या वर्षी मी पाण्याचं विसरले. संध्याकाळी साडी उचलली तर पोळीवर लाल मुंग्यांची दुसरी पोळी. बोटाला चिकटेनाशी झाली आणि कडेने सुटायला लागली की उलटा, दुसरी बाजू वाळवा. कात्रीने पट्ट्या कापून गुंडाळ्या करा. पावसाळ्यात डबा घट्ट बंद हवा, जरा ओल लागली की बुरशी धरते. ठिपका दिसला तर खरवडून खाऊ नका, ती पोळी टाकाच.

घाईत सांगायच्या गोष्टी

सीताफळ कुस्करायला रवी घ्या. गर भांड्यात घालून हळू घुसळला की बिया सुट्या होतात आणि हे काम पाच वर्षांचं लेकरू मजेत करतं. गार दुधात मिसळा, उकळू नका, कडवटतं. बिया मोजून गोळा करा, कारण त्या फोडल्या तर विषारी असतात आणि त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. गजगे म्हणून खेळायला त्या नकोत.

भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतले शिंगाडे उकडूनच द्या, तलावातून काढून कच्चे नकोत. उकडल्यावर टरफल सोलायला लेकरांना बसवा, काटे मात्र आधी तुम्ही मोडा.

पपईत दूध घालून ठेवू नका, कडू होतं. करायचं तर लगेच पिऊन टाका.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलालगत राहणाऱ्यांनी टेंभरं (तेंदूची फळं) आणि चारं उन्हाळ्यात आणावीत, त्यांना करायचं काहीच नाही, नुसतं धुऊन खायचं. चारं खाल्ली की बिया वाळवा, आत चारोळी असते. ती फोडायला बसलेलं पोट्टं दुपारभर घराबाहेर पडत नाही. बिब्ब्याची बोंडं मात्र लेकरांनी तोडायची नाहीत. वाळलेलं पिवळं फूल गोड लागतं हे खरं, पण खालचा काळा बिब्बा उततो, अंगावर फोड आणतो.

जांभळाची जादू

पाऊस पडतो, जांभळं पिकतात आणि आपल्या शाळा उघडायला अजून अवकाश असतो, कारण उन्हामुळे विदर्भात त्या बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता भरतात. हे आठ-पंधरा दिवस फार लांब असतात.

वाटीभर जांभळं पाण्यात कुस्करा, बिया काढा, साल राहू द्या, रंग सालीत असतो. गाळून जांभळं पाणी तीन काचेच्या ग्लासांत घ्या. पहिला तसाच. दुसऱ्यात लेकराला लिंबू पिळू द्या, पाणी लालसर गुलाबी होतं. तिसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, निळं, मग हिरवट होतं. आंबट लागलं की हा रंग एकीकडे झुकतो, सोडा लागला की दुसरीकडे. सोड्याच्या ग्लासात परत लिंबू पिळलं तर फसफस होते आणि रंग माघारी फिरतो. हे मी कमीत कमी वीस वेळा दाखवलंय आणि वीसही वेळा "काकू, पाय न वो!" (पाहा ना) असं कोणीतरी ओरडलंच आहे.

सोड्याचा ग्लास झाडाला. लिंबाच्या ग्लासात चिमूट काळं मीठ आणि थोडा गूळ घालून तो वाटून प्यायचा. प्यायल्यावर आरसा आणून द्या, जिभा पाहायला.